हॉलमध्ये फ्रेंच, गच्चीवर नॉर्वेजियन

सांगली, १२ जानेवारी २०२५

क्रांतीस,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजवर एकच टिक येते, म्हणून पोस्टाने लिहिते आहे. पत्ता तुझ्या दादाच्या वहीत मिळाला. नॉर्वेत, बर्गनचा पिनकोड चारच आकडी असतो. पोस्टातल्या मुलीने दोनदा विचारलं, दोन आकडे राहिलेत का.

काम एकच आहे. ह्यांचे व्हॉइस मेसेज तुझ्याकडे आहेत. तीन वर्षं रोज संध्याकाळी हे गच्चीवर जाऊन तुझ्याशी बोलत, आणि तू ड्यूटीवर असलीस की रेकॉर्ड करून पाठवत. मला ते हवे आहेत. सगळे नको असतील द्यायचे तर थोडे.

माझ्याकडे ह्यांचा आवाज नाही. तुला नवल वाटेल. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, आणि माझ्या फोनमध्ये ह्यांचे सगळे मेसेज टाइप केलेले. 'निघालो.' 'दूध आणू का.' 'पंप बंद आहे, लवकर येईन.' शेवटचा 'ठीक' असा आहे. लग्नाच्या व्हिडिओत ओठ हलताना दिसतात, पण वर सनई आहे.

अंत्यविधीच्या वेळी तुझा व्हिडिओ कॉल मध्येच तुटला, त्याचं वाईट वाटतं. दहिवडीच्या पुढे रेंजचं काय होतं ते तुला माहीत आहेच.

इकडे ठीक आहे. आई गावी आहेत, भावकीतला भाऊसो त्यांच्याकडे रोज चक्कर मारतो. माझ्या शिकवण्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. बारावीची मुलं मार्कांसाठी फ्रेंच घेतात, त्यांना वाट बघायला वेळ नसतो.

आवाज पाठव.

संयोगिता


सांगली, ४ फेब्रुवारी २०२५

क्रांतीस,

पहिलं पत्र पोचलं असेल असं धरून चालते.

वहीबद्दल लिहायचं आहे. पंपगृहातल्या त्यांच्या कपाटात होती. सामान द्यायला आलेले साहेब म्हणाले, "ह्यात काहीतरी परदेशी लिहिलंय, ऑफिसचं नाही." मी तेव्हा उघडली नव्हती. आता रोज दोन पानं वाचते.

पहिल्या पानावर लिहिलं आहे, 'फ्रेंच – संयोगिता. नॉर्वेजियन – क्रांती. मधे आपण.'

मला वाटत होतं की तुझी नॉर्वेजियनची तोंडी परीक्षा दोघांनी मिळून द्यायची असते, म्हणून तुला सरावाला जोडीदार हवा होता आणि तेवढ्यापुरतं हे शिकले. तुझी परीक्षा होऊन दीड वर्ष झालं. वही तर नोव्हेंबरपर्यंत चालू आहे.

प्रत्येक पानावर मधे रेघ, डावीकडे माझी भाषा, उजवीकडे तुझी. सगळं देवनागरीत. डावीकडचं ह्यांनी कुठून घेतलं, हे मी आधी शोधत होते. मग कळलं. हे गच्चीवर जायचे तेव्हा मी खाली हॉलमध्ये शिकवत असायची. जाता-येता जिन्यात कानावर पडलेलं आहे ते. माझी वाक्यंही माझ्याच क्रमाने आहेत.

'असणे' हे क्रियापद मी पहिल्या आठवड्यात घेते. डावीकडे माझी सहा रूपं: ज स्युई, तु ए, इल ए, नू सोम, वूज एत, इल सों. उजवीकडे यै ॲर, दु ॲर, हान ॲर, आणि खाली, 'सगळ्यांना ॲर. मी असो, तू असो, गाव असो.' त्याच्याखाली, 'क्रांतीच्या गावात यै ॲर पण म्हणत नाहीत. एग ए म्हणतात. पुस्तकात एक, तोंडात एक. दोन्ही बरोबर. रेडिओवर बातम्यासुद्धा आपापल्या गावच्या बोलीत देतात. कोण हसत नाही.'

फ्रेंचबद्दल लिहिलंय, 'शेवटची अक्षरं लिहितात आणि गिळतात. लिहिलेलं वाया. नॉर्वेवाले पण गिळतात, पण बेतानं.' दोन ओळी खाली, 'घर म्हणजे हुस. ते घर म्हणजे हुसे. शेपूट मागे लागतं, आपल्या घरात-घराला सारखं. फ्रेंच शब्दाच्या पुढे लावतात, ला मेझों.' आणि लिंगांचं. फ्रेंचमध्ये दोन, तुझ्याकडे पुस्तकात तीन, मराठीसारखी, पण बर्गनच्या बोलण्यात पुन्हा दोनच. हे खरं आहे का? असेल तर त्यांचं निरीक्षण चांगलं होतं. वीस वर्षं शिकवूनही माझी मुलं असं काही टिपत नाहीत.

एक गोष्ट मला आधीच माहीत होती. गेल्या मे महिन्यात गावी जेवताना हे आईंना म्हणाले, "आये, फ्रान्समदी तुझ्यावानी मोजत्यात. सत्त्याण्णवला चार विसा आन् सतरा."

आई म्हणाल्या, "मग शानी हायती की."

"आन् क्रांतीच्या तिकडली म्हातारी मानसं सत्तावीसला सात आन् वीस म्हनत्यात. आपल्यागत. तरन्या पोरांस्नी सरकारनं उलटं शिकवलंय, वीस-सात."

"सरकारला कामं न्हाईत दुसरी," आई म्हणाल्या, आणि सगळे हसले. मीही हसले. मग मी ह्यांना हळूच म्हटलं, "फ्रान्समध्ये. मोजतात." हे भाकरी मोडायला लागले.

ते 'तू-तुम्ही'चं पानही आहे. माझ्या फ्रेंचमध्ये मराठीसारखा भेद आहे, तुझ्याकडे सगळ्यांना दु. नर्स डॉक्टरला दु म्हणते आणि डॉक्टर झाडूवालीला. ह्यांनी मला विचारलं होतं, "तिकडं गेलो तर मला अरेतुरे करशील का?" मी म्हटलं, "तिकडे जायचंय कशाला?"

विषय तिथेच संपला. तू त्यांना बोलावलं होतंस हे मला वहीतूनच कळलं. जूनमध्ये दोघांनी यायचं होतं, असं लिहिलंय. दोघांनी.

आवाज पाठवशील का?

संयोगिता


सांगली, २७ फेब्रुवारी २०२५

क्रांती,

मिळाला. एकच पाठवलास, सोबत एक अक्षरही नाही, पण मिळाला. चार मिनिटं अकरा सेकंद.

मी शिकवणीच्या आधी ऐकायला घेतला आणि त्या दिवशी मुलांना परत पाठवलं.

मला त्यातलं काही कळलं नाही. फ्रेंच येत असल्याने काहीतरी हाताला लागेल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. फ्रेंच वाक्य सरळ जातं आणि शेवटी एकदा उचलतं. ह्यांचं वाक्य प्रत्येक शब्दावर वरखाली होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, हे नॉर्वेजियन बोलतच नाहीत, आपल्या माण तालुक्यातल्या बायका विहिरीवर बोलतात तशी चाल आहे. नंतर इंटरनेटवर तिकडच्या बातम्या ऐकल्या. ती चालही तशीच वरखाली जाते. तर ह्यांना चाल वेगळी शिकावी लागली नसेल.

मधे दोनदा हसले आहेत. दुसऱ्यांदा इतके हसले की बोलणं थांबलं, मग खाकरून पुन्हा सुरू. क्रांती, चार मिनिटं हे एकसारखे बोलले आहेत. मी हिशोब करत होते की माझ्याशी सलग चार मिनिटं शेवटचं कधी बोलले. मला आठवलं नाही.

मी लोकांना सांगत आले की पंपाच्या आवाजात राहून माणूस कमी बोलायला लागतो.

हे काय म्हणत आहेत ते सांग. थोडक्यात सांगितलंस तरी चालेल.

संयोगिता


सांगली, १९ मार्च २०२५

क्रांती,

हे पत्र पोस्टाने वेळेत पोचणार नाही, म्हणून लिहून झालं की फोटो काढून पाठवते. आता दोन टिका येतात, म्हणजे तू मला अडवलेलं काढलंस. मेसेजमध्ये टाइप करून हे मला लिहिता आलं नसतं.

तू लिहिलंस ते मी कागदावर उतरवून ठेवलं आहे. "वैनी, परीक्षेचा सराव हाय त्यो. आपल्या घराबद्दल सांगा, आसा विषय. दादा म्हनतोय, आमच्या घरात खाली एक भाषा शिकवत्यात आन् वर एक शिकत्यात. माझी बायकू लय चांगलं बोलती, म्हनून मी घरात गप बसून ऐकतो. मग हसलाय." एवढंच.

मी ते आठ दिवस घेऊन बसले. त्यात टोमणा आहे का, हे मला ठरवता येत नाही. तुला विचारणार होते. मग वाटलं, तू काहीही उत्तर दिलंस तरी मला ते खरं वाटणार नाही. हे टोमणा मारणारे नव्हते. पण म्हणूनच.

आता जे लिहायला हवं ते लिहिते.

तुला बघायला सांगलीची माणसं आली होती, २०११ साली, आमच्या विश्रामबागच्या घरी. मुलगा कॉलेजात शिकवत होता. मी तुला आतल्या खोलीत सांगितलं, "तू गप्प बस, मी बोलते." तू मान हलवलीस. त्यांनी शिक्षण विचारलं, मी सांगितलं. स्वयंपाक विचारला, मी सांगितलं. नाव विचारलं, तेसुद्धा मीच सांगितलं. माझ्या मनात एवढंच होतं की तुझं गावचं बोलणं ऐकून ते मागे फिरतील. आठ दिवसांनी मध्यस्थ हरिबा आला आणि दारातच म्हणाला, "पोरीला वाचा न्हाई हे आदी सांगाय पायजे व्हतं, आसं म्हनत्यात पावनं." तुझे दादा मोठ्यांदा हसले आणि मग तुझ्या तोंडाकडे बघून थांबले. मी काय म्हटलं ते आठवतं का? "गेले तर गेले." आणि मी चहा ठेवायला आत गेले.

ते तिथेच राहिलं नाही. उन्हाळ्यात गावी गेलो तर भावकीतली मनुबाई आईंना विचारत होती, "बनुबाई, क्रांतीची वाचा कवा गेली गं?" त्यानंतर दोन स्थळं नुसत्या ऐकण्यावर परत गेली. तू नर्सिंगला मुंबईला गेलीस, मग बाहेर. माझ्याशी बोलणं तू तेव्हापासून सोडलंस. मी सगळ्यांना सांगत राहिले की क्रांती हट्टी आहे.

मी पाटणची, हे तुला माहीत आहे. आमच्या घरी तुमच्यासारखंच बोलतात. अकरावीला सांगलीच्या हॉस्टेलात आले तेव्हा मी तोंड उघडलं की मुली एकमेकींकडे बघायच्या. मी वर्षभर कमी बोलले आणि दुसऱ्या वर्षी त्यांच्यासारखी बोलायला लागले. मग फ्रेंच घेतलं, कारण तिथे सगळ्याच नव्या होत्या. हे कारण म्हणून सांगत नाही. ह्यांना मी कधीच रागावून सुधारलं नाही. 'हाय' म्हणाले की नुसतं 'आहे' म्हणायची, वहीत लाल खूण करावी तसं. पालकांसमोरही, माझ्या माहेरीही. काही वर्षांनी खूण करायची गरज फारशी राहिली नाही.

आणि अंत्यविधीचं. पहिल्या पत्रात मी लिहिलं की कॉल तुटला. रेंज होती.

फोन भाऊसोच्या हातात होता. तू गळा काढलास, "माझ्या दादा रं, मला पारखी करून गेलास रं." स्पीकर चालू होता. ह्यांच्या ऑफिसची माणसं उभी होती, माझ्या शिकवणीच्या मुलांचे पालक सांगलीहून आले होते. मी भाऊसोकडे बघून हाताने खूण केली. त्याला आधी कळलं नाही, तर मी पुन्हा केली. त्याने कॉल बंद केला. हे त्याने कुणाला सांगितलेलं नाही, तेव्हा त्याला दोष देऊ नकोस. तो नंतर मला एवढंच म्हणाला, "वैनी, ती लय लांब हाय वो."

तू तिथे खोलीत एकटी असशील, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही. इथे तरी कुणीतरी कडू घास भरवायला होतं. तुला त्या दिवशी कुणी जेवायला लावलं का, हे मी आजवर विचारलेलं नाही.

तीस तारखेला पाडवा आहे. आपल्या घरी यंदा गुढी नाही. वर्षातला पहिला सण म्हणून भावकीतल्या बाया येऊन बसतील आणि रडतील. मी गावी जाते आहे. सकाळी साडेदहाला तुला फोन लावीन, तिकडे सहा वाजलेले असतील. फोन मी धरीन. तुला जेवढं रडायचं तेवढं रड, जसं रडायचं तसं रड. आवाज नाही पाठवलेस तरी चालतील. पण फोन उचल.

संयोगिता


सांगली, ३ एप्रिल २०२५

क्रांती,

आवाज मिळाले. एकशे बारा आहेत. भाऊसो म्हणाला, सगळे एकदम उतरवून घ्या, फोनचं काही सांगता येत नाही. उतरवले. पण ऐकायचा रोज एकच, असं ठरवलं आहे. काही नॉर्वेजियन आहेत, काही आपल्या भाषेत. कालचा आपल्या भाषेतला होता. पंपगृहात साप निघाला ती गोष्ट. "आवं सायेब, त्यो बी पान्यासाठीच आलाय" म्हणाले तिथे मी दोनदा मागे नेऊन ऐकलं.

पाडव्याचं तुला माहीत आहे, पण फोन मी उलटा धरला होता, त्यामुळे तुला निम्मं दिसलं नसेल. आणि तू मोरीत पाणी सोडल्यासारखा आवाज कसला येत होता विचारलंस, तर तो पाण्याचा टँकर होता. पाडवा असला तरी त्याची वेळ तीच.

साडेदहाला लावला तर तू गणवेशात होतीस. तुमच्याकडे उन्हाळ्यासाठी त्याच पहाटे घड्याळं तासभर पुढे केली हे मला माहीत नव्हतं. तुझी कामाची वेळ होत आली होती, आणि तू कपडे बदलायच्या खोलीत उभी होतीस. मला वाटलं आता ही ठेवणार.

तू ठेवला नाहीस. रडलीही नाहीस. मी फोन धरून ओट्यावर उभी. भाऊसोने हात पुढे केला, "द्या, मी धरतो," मी दिला नाही. शेवटी आईंनी कान लावला.

"क्रांते, बोल की गं. तुझी वैनी कवाधरनं उबी हाय."

"काय बोलू आये," तू म्हणालीस. "समदं आटलंय माजं."

मग आतल्या बायांनी सुरुवात केली. ह्यांच्या, म्हणजे धनाजीच्या नावाने, त्यांच्या लहानपणापासून. तू ऐकत होतीस. मनुबाई माझ्याकडे बघून शेजारणीला म्हणाली, आणि तिचं हळू म्हणजे शिवेपर्यंत जातं, "हिला न्हाई येत बाई रडू. शाळंत शिकवत न्हाईत ना."

पुढचं मी तिला दाखवायला म्हणून केलं नाही. मला राग आलाही नाही. एवढं आठवतं की त्या बायांपैकी कुणीतरी म्हटलं, "लय बोलका व्हता रं माजा धनाजी." बोलका. मी त्या बाईकडे बघितलं. ती खोटं बोलत नव्हती. तिला तो तसाच माहीत होता, तुला तसाच माहीत होता, गावातल्या सगळ्यांना. मी एकटीच होते जिला नव्हता.

त्यानंतर माझ्या तोंडून काय निघालं ते मला सांगता येणार नाही. तू ऐकलंस. आई सांगतात, मी ओट्यावर खाली बसले आणि फोन मांडीत पडला. बाया आतून बाहेर आल्या. मनुबाईनेच मला मागून धरलं. मी ह्यांना नावाने हाका मारत होते म्हणतात. चार महिने मी लोकांना चहा देत होते, सही करत होते, दाखले गोळा करत होते, तेव्हा काही झालं नव्हतं.

मांडीत फोन चालू होता. मला मधेच भान आलं की तू कामावर आहेस, तुझ्याकडची माणसं ऐकत असतील, तुला कुणीतरी बोलवायला आलं असेल. तसं आलंच होतं. दार उघडल्याचा आवाज आला आणि कुणीतरी तुला काही विचारलं. तू त्यांच्या भाषेत दोन शब्द बोललीस. दार पुन्हा लागलं. तू होतीस.

भाऊसोने नंतर फोनवर पाहिलं, एक्केचाळीस मिनिटं. तुला कुणी बोललं का कामावर? बोलले असतील तर मला सांग, मी इंग्रजीत पत्र लिहून देते.

माझा आवाज बसला तेव्हा तू माझ्याशी पहिल्यांदा बोललीस. "वैनी, पानी पी." आईंनी तांब्या दिला. मी पाणी प्याले. माझं पिऊन होईपर्यंत तू थांबलीस आणि मग फोन ठेवलास.

संयोगिता